कात्रीला जात नसते म्हणे!

संकलन ही निव्वळ तांत्रिक बाब आहे, विचार असतो तो कथेत आणि संवादात, कात्रीला कुठली आलीय जात? हा युक्तिवाद आम्ही गेली काही वर्षे सातत्याने ऐकतो आहोत. जानेवारी उजाडला की आमच्या चिकलठाण्यात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची गडबड सुरू होते. एमआयडीसीच्या शेडांना लागून असलेल्या प्रोझोन मॉलच्या पडद्यांवर जगभरचा सिनेमा येतो. चांगली गोष्ट आहे. महोत्सवाला आमचा विरोध नाही, उलट वस्तीतल्या पोरापोरींनी तिथे जावे असेच आम्ही सांगतो. पण सिनेमा सुटल्यावर चहाच्या टपरीवर जी चर्चा रंगते तिच्यात हे वाक्य ठरलेले. 'फँड्री'त जात आहे, मान्य. 'सैराट'मध्ये आहे, तेही मान्य. पण संकलन? ते तर तंत्र!

तंत्राच्या या सोवळेपणाला आमचा आक्षेप आहे. प्रेक्षागृहात डोळ्यांत पाणी येते ते संवादामुळे कमी आणि कुठे कापले, किती वेळ थांबले, आवाज कुठे बंद केला यामुळे जास्त. कुणासाठी रडायचे आणि किती वेळ रडायचे हे कात्री ठरवत असेल, तर तो आमचा प्रश्न आहे. या देशात कुणाच्या मरणावर किती वेळ थांबायचे, हे जातच ठरवत आली आहे.

आधी साध्या भाषेत समजून घेऊ. सिनेमा तुकड्यातुकड्यांत चित्रित होतो. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी ठेवायचा आणि तो किती सेकंद ठेवायचा, हे संकलक ठरवतो. रशियन क्रांतीनंतरच्या काळात लेव्ह कुलेशोव या दिग्दर्शकाने एक प्रयोग केल्याचे सिनेमाच्या प्रत्येक शाळेत शिकवतात. इव्हान मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने तीन वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडला. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक तरुणी. प्रेक्षकांनी नटाचे कौतुक केले म्हणे. काय भूक दाखवली, काय दुःख, काय आसक्ती! चेहरा मात्र तोच. भाव चेहऱ्यात नव्हता, शेजारच्या चित्रात होता.

ही गोष्ट ऐकून सिनेमाचे विद्यार्थी थक्क होतात. आम्हाला तिचे फारसे नवल वाटले नाही. आपल्या समाजाने हा प्रयोग कुलेशोवच्या आधी दोन हजार वर्षे करून ठेवलेला आहे. इथे चेहऱ्याशेजारी जात ठेवतात, आणि त्यावरून चेहरा वाचतात. सुखदेव थोरात हे आपल्याच मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. सवर्ण वाटणाऱ्या नावापेक्षा दलित नावाला आणि मुस्लिम नावाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. कागद तोच, शेजारचा तुकडा तेवढा वेगळा. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गेटवर उभ्या राहणाऱ्या पोराला हे समजायला रशियात जावे लागत नाही.

हॉलिवूडचा नामवंत संकलक वॉल्टर मर्च. कुठे कापावे याचे सहा निकष त्याने सांगितले आणि त्यांना टक्केवारी दिली. त्यात भावनेला 51 टक्के, कथेला 23, लयीला 10, आणि उरलेले नजर कुठे आहे, चौकटीत कोण कुठे उभे आहे वगैरेंना. म्हणजे बाकी सारे चुकले तरी चालेल, भावना चुकता कामा नये. आम्हाला हे पटते. पण भावना कुणाची? संकलक टेबलावर बसतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक प्रेक्षक असतो. त्या प्रेक्षकाला कुठे हुंदका यावा आणि कुठे त्याची सुटका करावी, हे पाहून तो कापतो. या कल्पित प्रेक्षकाला घर असते, आडनाव असते. हिंदी-मराठी सिनेमाने हा प्रेक्षक बहुतेक वेळा सवर्ण मध्यमवर्गातला धरला आहे. त्याला दुःख दाखवायचे, पण घरी जाताना तो हलका झाला पाहिजे.

1936 साल घ्या. बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' त्या वर्षी आला. देविका राणी आणि अशोक कुमार. रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा यांचे प्रेम. सिनेमा सुरूच होतो तिच्या स्मारकापासून. पुढची सगळी गोष्ट मागे जाऊन सांगितलेली आणि शेवटी ती रेल्वेखाली जाते. म्हणजे कस्तुरी जिवंत दिसण्याआधीच मेलेली आहे, पूज्य झालेली आहे. तिच्यावर प्रेम करण्यात मग प्रेक्षकाला कसला धोका? ती आपल्या घरात सून म्हणून येणार नाही, याची हमी पहिल्याच दृश्यात मिळते. हा कथेचा क्रम आहे आणि क्रम लावणे हेच संकलन.

त्याच 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, छापील भाषण पाहिले आणि घाबरून काही भाग गाळायला सांगितले. धर्मशास्त्रांवरचा हल्ला त्यांना नको होता. सुधारक श्रोत्यांना सोसेल एवढेच ठेवा, असा तो आग्रह होता. बाबासाहेबांनी एकही बदल करायला नकार दिला, अधिवेशन रद्द झाले आणि त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले. तेच 'जातिनिर्मूलन'. एकीकडे समोरच्याला सोसेल अशी कापलेली करुणा, दुसरीकडे कापू न दिलेला विचार. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी आम्हाला नेहमी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

'अछूत कन्या'चा वारसा पुढे चालला. 1959 च्या 'सुजाता'त बिमल रॉय यांनी मनापासून सहानुभूती दाखवली, यात शंका नाही. पण सुजाताचा स्वीकार केव्हा होतो? तिचे रक्त सवर्ण आईच्या अंगात गेल्यावर. दलित मुलगी देते, मग तिला मिळते. तिथेच प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो.

आता उलट बाजू पाहू. 2016 मध्ये 'सैराट' आला. नागराज मंजुळे दिग्दर्शक, कुतुब इनामदार संकलक. शेवटची काही मिनिटे आठवा. आर्चीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन हैदराबादच्या घरी आली आहेत. चहा होतो आहे. लहान मूल शेजारणीबरोबर बाहेर गेले आहे. आणि मग खून दाखवलेलाच नाही. चाकू नाही, किंकाळी नाही, झटापट नाही. मूल परत येते, दारातून आत जाते, आईबापाला पाहते, रडत बाहेर येते आणि फरशीवर त्याच्या रक्ताळलेल्या पावलांचे ठसे उमटतात. आवाज काढून घेतलेला आहे. मूल रडताना दिसते, ऐकू येत नाही.

हे का काम करते? अडीच तास या सिनेमाने आपले कान आवाजाने भरलेले असतात. अजय-अतुल यांनी या गाण्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. झाडावरून, विहिरीवरून, उसाच्या शेतातून संगीत उसळत होते. त्या भरलेल्या कानांतून एका क्षणी सगळेच काढून घेतले जाते. संगीत असते तर त्याने आपल्याला सांगितले असते, आता रडा. आणि संगीताबरोबर रडून झाले की माणूस मोकळा होतो. इथे मोकळे होता येत नाही. शिवाय खून न दाखवल्यामुळे तो प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःच्या मनात करावा लागतो. कुणी पहिला वार कुणावर केला? आर्चीने भावाला काय म्हटले असेल? थिएटरमधून बाहेर पडणारी माणसे बोलत नव्हती, हे आम्ही तेव्हा पाहिले आहे.

दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' झाला. जात जवळजवळ गाळली, हे सगळ्यांनी लिहिले. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो शेवटातला बदल. तिथे नवरा आणि मूल नायिकेच्या डोळ्यांदेखत इमारतीवरून खाली पडतात आणि ती जिवंत राहते. धक्का आहे, जोरदार आहे. पण काय झाले ते आपण पाहिले, ते संपले, आणि रडण्यासाठी आपल्याला नायिकेचा चेहरा दिला गेला. आपले रडणे ती आपल्या वतीने रडते. 'सैराट'मध्ये आपल्या वतीने रडायला कुणी मोठे माणूस शिल्लकच ठेवलेले नाही. बोलताही न येणारे एक मूल आहे आणि तेही आपल्याला ऐकू येत नाही. कथा तीच. जातीचा प्रश्न गाळताना संवाद गाळले गेलेच, पण ती रिकामी जागाही भरून टाकली गेली. कात्रीला जात नसते म्हणणाऱ्यांनी हे दोन शेवट एकापाठोपाठ एक पाहावेत.

न दाखवलेल्या खुनाबद्दल आणखी एक. 28 एप्रिल 2014 रोजी, 'फँड्री' प्रदर्शित होऊन अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या 17 वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून. शाळेतून त्याला मारत नेल्याचे आरोप होते. नोव्हेंबर 2017 मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार उलटले. गावाने जे पाहिले होते ते न्यायालयात कुणीच पाहिलेले नव्हते. 'सैराट'च्या संकलनात खून गाळला आहे तो प्रेक्षकाच्या मनात कायमचा राहावा म्हणून. खर्ड्यात तो गाळला गेला तो कागदावर उरू नये म्हणून. कापणे दोन्हीकडे आहे. कुणासाठी कापले, हे विचारल्याशिवाय तंत्राची चर्चा आम्हाला पोकळ वाटते.

'फँड्री'चे संकलन चंदन अरोरा यांचे. त्यातल्या डुकराच्या पाठलागाबद्दल लोक शेवटच्या दगडामुळे बोलतात, पण आमच्या मते खरी करामत दगडाच्या आधीच्या लांबणीत आहे. पाठलाग संपतच नाही. जब्याचे अख्खे कुटुंब डुकरामागे धावते आहे, गाव कडेला उभे राहून हसते आहे, जब्या वर्गातल्या पोरांच्या, शालूच्या नजरेपासून लपतो आहे. धावणारे, हसणारे, लपणारा, असे तुकडे पुन्हा पुन्हा फिरत राहतात. पहिल्या काही मिनिटांत थिएटरही गावाबरोबर हसते. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटते. इथेही हशा पिकतो. मग हळूहळू हसू ओसरते, पण दृश्य सरत नाही. हसलो ते कुणाला, हे प्रेक्षकाला उमजेपर्यंत संकलकाने त्याला सोडलेले नाही. दृश्य अर्ध्यावर कापले असते तर ते विनोदी दृश्य म्हणून लोकांच्या लक्षात राहिले असते. त्यानंतर डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते, भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई, गाडगेबाबा. या चित्रांवर कॅमेरा वेगळा जाऊन थांबत नाही, संगीत उसळून सांगत नाही की पाहा पाहा. ओझे आणि चित्रे एकाच चौकटीत येतात आणि जातात. मग दगड येतो, थेट आपल्या तोंडावर, आणि सिनेमा संपतो. आपण सावरायला एक क्षणही दिलेला नाही.

'कोर्ट'मध्ये याच्या अगदी उलट पद्धत आहे. चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शक, रिखव देसाई संकलक. लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत आपले वीरा साथीदार. 2021 मध्ये कोरोनाने त्यांना नेले, चळवळीचा एक मोठा माणूस गेला. या सिनेमात कापायचे तिथेही कापत नाहीत. न्यायालयाचे दालन दूरून दिसते, कॅमेरा हलत नाही, आमच्या खटल्याची तारीख पडते आणि दृश्य पुढे चालूच राहते. दुसरा पक्षकार येतो, कारकून कागद सरकवतो. काही जणांना हा सिनेमा कंटाळवाणा वाटला. बरोबर आहे. जिल्हा न्यायालयाच्या बाकावर अॅट्रॉसिटीच्या तारखांना बसलेल्या माणसाला तो कंटाळा ओळखीचा आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा रंगवल्या आहेत, तिथे बऱ्याचदा प्रसंग काळाच्या क्रमाने लागत नाहीत. एका जागी घडलेले वेगवेगळ्या वेळचे प्रसंग एकत्र असतात आणि जोडणी पाहणाऱ्याने चालत, मान वळवत करायची असते. 'कोर्ट' प्रेक्षकाला तशीच मोकळीक देतो. कुणाकडे पाहायचे ते तुम्ही ठरवा. आणि तुम्ही आरोपीकडे न पाहता वकिलाच्या हातवाऱ्यांकडे पाहत बसलात, तर तेही तुमच्याबद्दल काहीतरी सांगते.

आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'चा उल्लेख टाळता येणार नाही. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. त्यानंतर पटवर्धनांनी 14 वर्षे चित्रण केले. चौदा वर्षांचे काम तीनेक तासांत बसवताना काय ठेवायचे, काय सोडायचे हा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला, संकलन त्यांचेच आहे. त्यांनी गाणी ठेवली, आणि पूर्ण ठेवली. वृत्तवाहिनी चार सेकंदांत उडवून देईल अशी गाणी. ज्यांच्याकडे इतिहास लिहायला कागद नव्हता त्यांनी तो गाऊन ठेवला, हे ज्याला माहीत आहे तोच गाणे पूर्ण ठेवतो.

आता आपल्या घरातल्या कात्रीकडे. कारण आज प्रत्येक पोराच्या मोबाईलमध्ये संकलनाची खोली आहे. 'सैराट'चे 'झिंगाट' लग्नात, वरातीत, मिरवणुकीत वाजले, ज्या जातींत आर्ची-पार्श्याला मारणारे निघतात त्यांच्याही लग्नांत वाजले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या शहरातून मराठा मोर्चांना सुरुवात झाली आणि अॅट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी पुढे आली. गाणे सिनेमातून कापून घेता आले, म्हणून ते सगळीकडे गेले. शेवटची शांतता कापून नेता येत नाही, तीस सेकंदांच्या रीलमध्ये ती बसत नाही.

आणि आपल्या बाजूने काय चालते? कुठे अत्याचार झाला की संध्याकाळपर्यंत रील येते. मृताचा फोटो, त्यावर हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा, रडवे व्हायोलिन, खाली लाल अक्षरे. अंगठा वर सरकला की पुढच्या रीलमध्ये कुणीतरी नाचत असते. पोरांच्या तळमळीबद्दल आम्हाला आदर आहे. पण ही पद्धत 'अछूत कन्या'चीच आहे. चटकन रडवते आणि चटकन सोडते. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र 60 दिवसांत दाखल व्हायला हवे, असा नियम आहे. रील तीस सेकंदांची. मधल्या एकोणसाठ दिवसांत ते प्रकरण कुणाच्या लक्षात राहते? आम्ही पोरांना सांगतो, व्हायोलिन काढा. गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदला, कोणती कलमे लावली, तपास उपअधीक्षकाकडे आहे की नाही, ते लिहा. आईला बोलू द्या आणि ती मध्ये थांबली तर ते थांबणे कापू नका. दहाव्या दिवशी पुन्हा एक टाका, तिसाव्या दिवशी पुन्हा, साठाव्या दिवशी पुन्हा. लाईक कमी येतील, येऊ द्यात.

विहारात आम्ही अधूनमधून रविवारी असे करतो की एखादे दृश्य एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून पाहायचे आणि कोणता तुकडा किती सेकंद टिकला ते मोजायचे. दहावीच्या मुली यात सगळ्यांत तरबेज निघाल्या. कोणत्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो आणि कोणत्या चेहऱ्यावरून घसरतो, हे त्या बोटावर मोजून सांगतात. हिंदी सिनेमातल्या मोलकरणीच्या वाट्याला किती सेकंद येतात, हा त्यांचाच प्रश्न होता. एमपीएससी करणाऱ्या मोठ्या पोरांना तो सुचला नव्हता.

वस्तीतला एक तरुण सध्या नामांतरावर दहा मिनिटांचा माहितीपट करतो आहे. ही गोष्ट आपल्या भाषणांतून एका दमात सांगितली जाते. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाचा ठराव, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार. मधल्या सोळा वर्षांवरून आपणही उडी मारतो. पोचीराम कांबळे यांचा खून, जाळलेली घरे, गाव सोडून शहराकडे आलेली कुटुंबे, हे सगळे त्या उडीच्या खाली आहे. त्याने चिकलठाण्यातल्या एका आजीचे चित्रण केले आहे. त्या वेळी नांदेडकडून घर टाकून आलेल्या. घर जळाले त्या रात्रीबद्दल विचारल्यावर आजी बराच वेळ काही बोलत नाहीत, पदराने चष्मा पुसतात, मग विचारतात, "चहा घेतला का रं तू?" त्याचे मित्र म्हणतात, इथे कंटाळा येतो, काप आणि जुने वर्तमानपत्राचे कात्रण टाक. आम्ही म्हटले, मोजून पाहा किती वेळ आहे ते. एक मिनिट अकरा सेकंद निघाले. दहा मिनिटांतले एक मिनिट अकरा सेकंद. त्याने अजून ठरवलेले नाही.